इमारतीच्या अंदाजपत्रकातील पहिली ओळ
(बांधकाम कमिट्यांसाठी एक पाठ)

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने प्रथम बसून खर्चाचा हिशेब करावा, हा लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायातील दाखला आमच्या वाचकांस परिचयाचा आहे. परंतु खेड्यापाड्यांत ज्या इमारती जोत्यापर्यंत येऊन थांबतात, त्यांच्या पंचांनी हिशेब केलाच नव्हता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्यांनी विटांचा हिशेब केलेला असतो. सिमेंट, सळई, वाळू यांचा केलेला असतो. गवंड्याचा व बिगाऱ्यांचा रोजही मांडलेला असतो. राहून जातो तो एकच हिशेब, व तो म्हणजे नकाशाचा. जो मनुष्य इमारत योजितो, तिचे मोजमाप ठरवितो व कंत्राटदाराचे काम तपासतो, त्याची फी कोठून द्यावयाची, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. मग ती फी विटांच्या पैशांतून काढावी लागते, किंवा ती देण्याचे टाळले जाते, आणि दोन्ही रीतींनी काम बिघडते.

वास्तुविशारद, म्हणजे ज्यास आपण नेहमीच्या बोलण्यात आर्किटेक्ट म्हणतो, त्याची फी अंदाजपत्रकात कशी मांडावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे. ह्यात शिकण्याची मुख्य गोष्ट एकच आहे. ही फी रकमेने लहान असते, परंतु तिचा मोठा भाग पायाची पहिली कुदळ पडण्यापूर्वीच द्यावा लागतो. म्हणून तिची जागा अंदाजपत्रकाच्या शेवटी नसून पहिल्या ओळीत आहे.

१. फी कशाबद्दल द्यावयाची?

पुष्कळांची अशी समजूत असते की, आर्किटेक्ट एक कागद काढून देतो व त्याचे पैसे घेतो. ही समजूत अपुरी आहे. त्याच्या कामाचे अनेक भाग आहेत. जागा पाहणे व आपली गरज समजून घेणे. कच्चा आराखडा व ढोबळ खर्च मांडणे. सुधारलेला आराखडा तयार करणे. ग्रामपंचायत, नगरपरिषद अथवा नियोजन प्राधिकरण यांच्या मंजुरीसाठी नकाशे करणे. गवंडी, सुतार व सळई बांधणारा ज्यावरून काम करतील असे बारकाव्याचे नकाशे देणे. कोणता माल किती लागेल त्याचे परिमाणपत्रक करणे. कंत्राटदारांच्या निविदा मागवून त्यांची तुलना करणे. काम चालू असता वेळोवेळी जागेवर येऊन ते नकाशाप्रमाणे होते की नाही हे पाहणे. कंत्राटदाराच्या बिलांवर अभिप्राय देणे. आणि शेवटी काम पुरे झाल्याचे कागद करणे.

ह्यांपैकी बिले तपासण्याचा भाग आपल्यासारख्यांच्या फार उपयोगाचा आहे. पंचांपैकी कोणी शिक्षक असतो, कोणी शेतकरी, कोणी निवृत्त पोस्टमन. स्लॅबमध्ये ठरलेली सळई पडली की नाही, हे त्यांस कसे कळावे? कंत्राटदार म्हणतो, "काम झाले, बिल द्या"; आणि खजिनदार चेकवर सही करतो. मंडळीतील विधवेने कोंबड्या विकून दिलेली वर्गणी त्या चेकात असते. ती योग्य कामासाठी गेली, असे सांगावयास कंत्राटदाराहून निराळा व जाणता मनुष्य पाहिजे. फीचा एक मोठा हेतू तोच आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, "आमचा कंत्राटदार नकाशा फुकट काढून देतो." नकाशा काढण्यास श्रम लागतातच, आणि त्या श्रमांचे पैसे बिलात दिसत नसतील, तर ते बहुधा चौरस फुटाच्या दरात मिसळलेले असतात. शिवाय, ज्याने काम करावयाचे त्यानेच ते तपासावयाचे, अशी व्यवस्था आपण दुकानाच्या वहीत चालू देत नाही. मग इमारतीत का चालू द्यावी?

येथे कायद्याची एक गोष्ट जाणून ठेवावी. आपल्या देशात १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यान्वये कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही परिषद स्थापन झाली असून, तिच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्यासच आर्किटेक्ट ही पदवी लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला की, हा कायदा त्या पदवीचे रक्षण करितो. इमारतीचे आराखडे करण्याचे काम इतरांनी करूच नये, अशी मनाई तो करीत नाही. म्हणून लहान कामासाठी परवानाधारक अभियंता नेमणे गैर नाही. परंतु जो स्वतःस आर्किटेक्ट म्हणवितो त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यास पंचांनी संकोच करू नये.

२. एक जुना खटला

नकाशाचे मोल किती, हा वाद आपल्याच गावांतला नाही. सन १८६१ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात तो न्यायालयापुढे आला. रिचर्ड मॉरिस हंट हे पॅरिसच्या प्रसिद्ध कलाविद्यालयात वास्तुकला शिकलेले पहिले अमेरिकन गृहस्थ. पुढे न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा चौथरा त्यांनीच योजिला. त्यांनी पार्मली नावाच्या एका धनाढ्य दंतवैद्याच्या कुटुंबासाठी घराचे काम केले व खर्चाच्या ५ टक्के फी मागितली. इंग्लंडात त्या काळी ५ टक्के हाच रिवाज होता. पार्मली यांनी ती देण्याचे नाकारले, तेव्हा हंट यांनी दावा लाविला. ज्यूरीने निवाडा दिला तो अर्ध्याचा, म्हणजे २½ टक्क्यांचा.

ह्या निवाड्याने दोन गोष्टी एकदम दाखविल्या. नकाशा काढणे व देखरेख करणे हे मोबदल्यास पात्र असे काम आहे, ही पहिली. आणि दर आगाऊ स्पष्ट लिहिलेला नसला म्हणजे दोन्ही पक्षांस तो परक्यांच्या तोंडून ऐकावा लागतो, ही दुसरी. पार्मली हे स्वतः आपल्या विद्येवर फी घेणारे वैद्य होते. दात काढावयास किती क्षण लागले, यावरून कोणी त्यांची फी ठरविली असती, तर त्यांस ते रुचले नसते. आपणही दुसऱ्याच्या विद्येचे मोल करिताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील आर्किटेक्टांच्या संस्थेने पुढे १८६६ साली आपले दरपत्रक प्रसिद्ध केले, त्यातही ५ टक्के हाच दर होता.

३. फी किती धरावी?

फी ठरविण्याच्या तीन रीती आहेत. बांधकामाच्या खर्चावर शेकडा अमुक, ही पहिली. संपूर्ण कामाची एकरकमी फी, ही दुसरी. आणि चौरस फुटामागे दर, ही तिसरी. शेकड्याची रीत फार जुनी आहे. परंतु तीत एक अडचण आहे. बांधकामाचा खर्च वाढला की फीही आपोआप वाढते. म्हणून शेकड्याने ठरविल्यास, "मंजूर अंदाजपत्रकाच्या रकमेवर" अशी मर्यादा घालून घ्यावी, अथवा फीची कमाल रक्कम लिहून ठेवावी.

आता एक उदाहरण घेऊ. त्यातील रकमा केवळ समजण्यासाठी कल्पिल्या आहेत. प्रत्येक गावी त्या निराळ्या असतील. समजा, एका मंडळीस सभागृह बांधावयाचे आहे. कंत्राटदाराच्या कामाचा खर्च, कर सोडून, ४०,००,००० रुपये येतो आणि फी ५ टक्के ठरली आहे.

मूळ फी: २,००,००० रुपये.
कागदपत्रे व दळणवळण: कौन्सिलच्या नेमणुकीच्या अटींत ह्यासाठी फीच्या १० टक्के आकारणी निराळी सांगितलेली आहे, म्हणजे २०,००० रुपये.
ह्या दोहोंवर जी.एस.टी., १८ टक्क्यांप्रमाणे: ३९,६०० रुपये.
एकूण: २,५९,६०० रुपये.

येथेच पहिली चूक उघडी पडते. पंचांनी सभेत "पाच टक्के" ऐकले व वहीत दोन लाख लिहिले. प्रत्यक्षात द्यावयाचे आहेत सुमारे दोन लाख साठ हजार. आर्किटेक्टची जी.एस.टी. नोंदणी नसेल तर कर लागणार नाही. परंतु हे विचारून लिहावयाचे आहे, गृहीत धरावयाचे नाही.

दुसरी चूक अशी की, फी मांडली म्हणजे कागदांचा सर्व खर्च मांडला असे वाटते. जमिनीची मोजणी, मातीची परीक्षा, मंजुरीची सरकारी शुल्के व रोजची देखरेख हे खर्च सहसा फीबाहेरचे असतात. देखरेखीविषयी तर फार गैरसमज होतो. आर्किटेक्ट वेळोवेळी येऊन पाहतो. तो रोज जागेवर उभा राहत नाही. सिमेंटची पोती मोजणे, पाणी मारले की नाही हे पाहणे, यासाठी पगारी सुपरवायझर पाहिजे, व तो पगार निराळा. सळईचे, म्हणजे आर.सी.सी. कामाचे डिझाइन करणाऱ्या अभियंत्याची फी आर्किटेक्टच्या फीत आली आहे की नाही, हाही प्रश्न स्पष्ट विचारावा. कोठे ती धरलेली असते, कोठे नसते. आपल्या उदाहरणात ती धरली आहे असे समजू.

तेव्हा पूर्ण अंदाजपत्रक असे होईल:

बांधकाम: ४०,००,०००
बांधकामावरील जी.एस.टी., १८ टक्के: ७,२०,०००
आर्किटेक्टची फी, आकारणी व करासह: २,५९,६००
मोजणी व मातीची परीक्षा: ४०,०००
मंजुरीची शुल्के: ६०,०००
सुपरवायझर, ८ महिने, दरमहा २०,०००: १,६०,०००
अनपेक्षित खर्च, बांधकामाच्या १० टक्के: ४,००,०००
एकूण: ५६,३९,६०० रुपये

ज्या सभागृहास सर्व गाव "चाळीस लाखांचे काम" म्हणत होते, ते साडेछपन्न लाखांच्या घरात गेले. आणि ह्यात कोणी एक पैसाही खाल्लेला नाही. वर्गणी मागावयाची ती ह्या खालच्या आकड्यासाठी मागावी. आणखी हेही पाहावे की, आर्किटेक्टची फी एकूण रकमेच्या शेकडा पाचांहूनही कमी आहे. बाकीचे पंचाण्णव रुपये नीट खर्च होणे हे मोठ्या अंशी त्या पाच रुपयांवर अवलंबून आहे.

४. फी केव्हा द्यावी?

हा ह्या पाठाचा गाभा आहे. खजिनदारांनी तो विशेष लक्ष देऊन वाचावा. कौन्सिलच्या नेमणुकीच्या अटींत फी देण्याचे टप्पे सांगितले आहेत. प्रत्येक टप्प्यास त्या वेळेपर्यंत एकूण फीपैकी किती भाग पोचावयाचा ते असे:

कच्चा आराखडा व ढोबळ खर्च दिल्यावर: १० टक्के.
सुधारलेला आराखडा दिल्यावर: २० टक्के.
मंजुरी मिळाल्यावर: ३५ टक्के.
बारकाव्याचे नकाशे, परिमाणपत्रक व निविदेचे कागद झाल्यावर: ४५ टक्के.
निविदा तपासून कंत्राटदार नेमण्याचा सल्ला दिल्यावर: ५५ टक्के.
काम सुरू करण्यास लागणारे नकाशे दिल्यावर: ६५ टक्के.
त्यानंतर बांधकामाचा पाचवा भाग होईल तसतसे ५ टक्के; काम जवळजवळ पुरे झाले म्हणजे ९० टक्के.
पूर्णत्वाचे कागद व झालेल्या कामाचे नकाशे दिल्यावर: १०० टक्के.

ह्याचा अर्थ नीट पाहा. जमिनीत कुदळ लागण्यापूर्वी फीचे ६५ टक्के देणे होते. आपल्या उदाहरणात दोन लाखांपैकी १,३०,०००. त्यावर कागदपत्रांची आकारणी १३,०००. आणि दोहोंवर कर २५,७४०. मिळून १,६८,७४० रुपये. त्यात मोजणीचे व मातीच्या परीक्षेचे ४०,००० आणि मंजुरीचे ६०,००० मिळविले म्हणजे २,६८,७४० रुपये होतात. गावास अद्याप एक वीटही दिसलेली नाही, आणि पावणेतीन लाखांच्या आसपास रक्कम खर्च झालेली आहे!

ह्याच वेळी गावात कुजबुज सुरू होते. "वर्गणी दिली ती कोठे गेली? जागेवर तर गवत वाढले आहे." ज्या खजिनदाराने हे आधी सांगून ठेवलेले नसते, त्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेतला जातो, मग वर्गणी आटते, व कुजबुजीला भिऊन पंच पुढचा हप्ता थांबवितात. नकाशे अडतात. काम घाईने, अपुऱ्या कागदांवर सुरू होते. दरवाजा कोठे, जिना कोठे, हे गवंडी जागेवर ठरवू लागतो. आणि बांधलेली भिंत पाडून पुन्हा बांधावी लागते. एका पाडलेल्या भिंतीचा खर्च वाचविलेल्या हप्त्याहून अधिक होतो.

ह्यावर उपाय सोपा आहे. वर्गणी सुरू करिताना पहिल्याच सभेत सांगावे की, "पहिले दोन लाख सत्तर हजार रुपये नकाशे, मंजुरी व मातीची परीक्षा यांसाठी लागतील, तितके जमल्याविना आर्किटेक्टची पूर्ण नेमणूक करावयाची नाही." ही रक्कम बँकेत निराळी ठेवावी, व प्रत्येक हप्ता दिल्यावर त्या बदल्यात कोणता कागद हाती आला, हे सर्वांस दाखवावे. मंजूर नकाशा भिंतीवर लाविला म्हणजे पैसे कोठे गेले, हे निरक्षर आजीबाईंसही समजते.

५. करारात काय लिहावे?

ओळखीचा मनुष्य असला तरी करार लेखी असावा. ओळखीचा असला तर अधिकच असावा, कारण वाद झाल्यास दोन गोष्टी तुटतात. पुढील मुद्दे विसरू नयेत.

पहिला, कामाची व्याप्ती: वर सांगितलेल्या भागांपैकी कोणते आत व कोणते बाहेर, जागेवर किती वेळा येणार, प्रवासखर्च कोणाचा.

दुसरा, शेकडा कशावर: जमिनीची किंमत व कर त्यात धरावयाचे की नाही. आपल्या गावांत हा प्रश्न एका विशेष रूपाने येतो. एक शेतकरी विटा दान देतो, दुसरा ट्रॅक्टरने वाळू व मुरूम आणून टाकितो, तरुण मंडळी श्रमदानाने पाया खणतात. ह्या दानाची किंमत बांधकामाच्या खर्चात धरून तिच्यावर फी द्यावयाची काय? आर्किटेक्ट म्हणेल, "विटा दानाच्या असोत की विकतच्या, भिंतीचा नकाशा मला तितकाच काढावा लागतो". आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पंच म्हणतील, "जे पैसे आम्ही खर्च केले नाहीत त्यांवर शेकडा कसा?" दोन्ही बाजू विचारात घेऊन हे आधीच ठरवावे. एकरकमी फी ठरविल्यास हा वाद उद्भवतच नाही.

तिसरा, बदल: मंजुरीनंतर पंचांनी मत बदलले, तर नवीन नकाशांची फी निराळी पडेल. म्हणून मतभेद मिटवावयाचे ते कच्च्या आराखड्याच्या वेळी, जेव्हा रेघ पुसण्यास रबर पुरे होते.

चौथा, काम मध्येच थांबल्यास: ज्या टप्प्यापर्यंत काम झाले त्याची फी देणे आहे. इमारत झाली नाही म्हणून नकाशाचे श्रम झाले नाहीत असे होत नाही.

पाचवा, नकाशांचा हक्क: आराखड्याचा लेखाधिकार साधारणतः आर्किटेक्टकडे राहतो. त्याच नकाशावर दुसऱ्या गावी दुसरी इमारत उभारणे त्याच्या संमतीविना योग्य नाही.

सहावा, आयकर: फीतून काही रक्कम उगमस्थानी कापून सरकारात भरावयाची असते काय, हे पहिला चेक लिहिण्यापूर्वी आपल्या हिशेबतपासनिसास विचारावे.

६. पैसा थोडा असेल तर?

तर फी बुडवू नये, काम कमी करावे. इमारतीचे दोन टप्पे करून नकाशा सर्वांचा व बांधकाम अर्ध्याचे, असे ठरविता येते. आर्किटेक्टकडून सर्व भाग न घेता नकाशे, मंजुरी व महत्त्वाच्या वेळच्या काही भेटी, म्हणजे पाया, सळई व स्लॅब यांच्या वेळच्या, एवढेच घेता येते. पंचांनी आपली गरज आधी नीट लिहून नेली, किती माणसे बसतील, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने येते, विहीर कोठे आहे, तर फेऱ्या वाचतात व फीही कमी सांगता येते. मंडळीतील कोणी आर्किटेक्ट आपले काम दानादाखल देऊ लागला, तर ते कृतज्ञतेने घ्यावे. परंतु त्याचाही करार करावा, व वहीत त्याच्या फीची किंमत दान म्हणून जमा दाखवावी. म्हणजे दानाचा मान राहतो, आणि इमारतीची खरी किंमत पुढच्या पिढीस कळते.

जे करू नये ते एकच: काम पूर्ण करून घेऊन शेवटी, "आता पैसे उरले नाहीत, आपलेच काम समजा," असे म्हणणे. गवंड्याचा रोज आपण शनिवारी चुकवितो, कारण तो समोर उभा असतो. नकाशे काढणारा शहरात असतो, दिसत नाही. एवढ्यावरून त्याचे श्रम हलके होत नाहीत. ज्या घरात एकाची मजुरी बुडाली आहे, त्या घराच्या उद्घाटनास आपण कोणत्या तोंडाने हार घालावे?

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावी गेल्या काही वर्षांत झालेल्या एखाद्या सार्वजनिक इमारतीचा अंदाज किती होता व खर्च किती झाला? फरक कोणत्या बाबींमुळे पडला?
२. आपल्या सभागृहासाठी वरच्यासारखे सात ओळींचे अंदाजपत्रक मांडा. पहिली कुदळ पडण्यापूर्वी किती रक्कम हाती पाहिजे?
३. दानाच्या विटा व श्रमदान यांवर फी द्यावी काय? दोन्ही बाजू मांडून एक ठराव लिहा.
४. आपल्या कमिटीत कंत्राटदाराचे बिल कोण तपासतो? तो कंत्राटदाराहून स्वतंत्र आहे काय?